पूर ओसरल्यावर आमच्या छोट्या मंडळीनं नेमकं काय करावं?

राजारामपुरीचा

सगळ्यांना सलाम. मी कोल्हापूरचा, वय २६. आमची चर्चची मंडळी लहान आहे, साधारण ७० कुटुंबं. चर्च उंचावर असल्यामुळं २०१९ असो वा २०२१, पुराचं पाणी आमच्या दारात कधी आलं नाही.

२०१९ ला मी कॉलेजात होतो. पुरानं बंद पडलेला महामार्ग पुन्हा सुरू झाल्यावर आम्ही बिस्किटांचे बॉक्स, पाण्याच्या बाटल्या आणि जुन्या कपड्यांची गाठोडी टेम्पोत भरून शिरोळ तालुक्यात गेलो. आमच्या आधी तसेच चार टेम्पो तिथं उभे होते. रस्त्याच्या कडेला कपड्यांचा ढीग पावसात भिजत पडला होता. आम्ही आमची गाठोडी त्याच ढिगावर ठेवली आणि परत आलो. तो ढीग अजून डोळ्यांसमोरून जात नाही. २०२१ ला कोविड होता, म्हणून नुसते पैसे गोळा करून दिले. त्यांचं पुढं काय झालं ते कळलं नाही.

यंदा तरुण संघाचा सेक्रेटरी मी आहे. पाऊस तोंडावर आलाय. येत्या रविवारी उपासनेनंतर पंचांची बैठक आहे, आणि पाणी आलंच तर आपण काय करायचं ते लिहून आण, असं पाळकसाहेबांनी मला सांगितलंय. आमच्याकडं शंभर माणसं बसतील एवढा हॉल आहे, दोन संडास, एक बोअर, पंधरा-वीस पोरं, महिला संघाच्या बायका आणि फंडात साधारण ४० हजार रुपये. ज्यांनी असं काम केलंय, किंवा ज्यांच्या स्वतःच्या घरात पाणी शिरलं होतं, त्यांनी कृपा करून सांगा. पुन्हा त्या ढिगावर गाठोडं ठेवून यायचं नाही.

कसबा बावडा

४० हजारांत फार काही होणार नाही. ते मुख्यमंत्री सहाय्यता निधीत भरा आणि पोरांना एनडीआरएफच्या टीमबरोबर पाठवा. बोटीवर माणसं लागतातच.

निवृत्त सिस्टर

सलाम बाळा. मी तीस वर्षं नर्स होते, आता निवृत्त आहे. घर शाहूपुरीत, जयंती नाल्याच्या अंगाला. २०१९ ला आणि २०२१ ला, दोन्ही वेळा घरात पाणी शिरलं. म्हणजे मदत घेतलीही आहे आणि आमच्या मंडळीबरोबर केलीही आहे. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी बोटीचं. पोरांना पाण्यात अजिबात पाठवू नका. ते काम एनडीआरएफचं आणि आपल्या व्हाईट आर्मी ह्या बचाव पथकासारख्या, त्याचं शिक्षण घेतलेल्या माणसांचं. २०१९ ला सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळला नाव उलटली आणि जीव वाचवायला निघालेली माणसं गेली. मंडळीचं काम पाणी उतरल्यावर सुरू होतं, आणि तेव्हा ते करायला कुणालाच नको असतं.

त्या वर्षी राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४३. मच्छिंद्री झाली, म्हणजे शिवाजी पुलाच्या खुणेला पाणी लागलं, की आमच्या गल्लीत सामान वर चढवायला लागतात, ही जुनी रीत. मीही कॉटवर कॉट रचून वर कपाटातलं सगळं ठेवलं होतं. काही वाचलं नाही. नऊ दिवस मी बहिणीकडं, कोल्हापुरातल्याच संभाजीनगर भागात होते. सुतारवाड्यातली माणसं दसरा चौकात चित्रदुर्ग मठात, बाकीचे शाळांमधून, नातेवाइकांकडं. त्या दिवसांत आमच्या माणसांना जेवण कमी पडलं नाही. खिचडी यायची, केळी यायची, कुणी भाकरी-पिठल्याचे डबे घेऊन यायचं. ह्या बाबतीत कोल्हापूर मोठ्या मनाचं आहे.

दहाव्या दिवशी घरी आले. दार फुगून बसलं होतं, खांदा लावून उघडावं लागलं. स्वयंपाकघरातला फ्रीज तरंगत येऊन पुढच्या खोलीत आडवा पडला होता. गव्हाची कोठी फुगून तिचं झाकण उडालं होतं आणि आतल्या गव्हाला कोंब आले होते. गादीनं एवढं पाणी प्यालं होतं की ती हलेना. भिंतीवर कॅलेंडरच्या वर एक सरळ तपकिरी रेघ. आणि सगळीकडं वीतभर गाळ. बाहेरून साय धरल्यासारखा, आत हात घातला की लोण्यासारखा, आणि वास असा की मी तीस वर्षं ड्रेसिंग केलेली बाई, मला उंबऱ्यावर बसावं लागलं.

त्या दिवशी तीन गाड्या आल्या. प्रत्येकीनं एक पिशवी दिली, पिशवी देताना फोटो काढला आणि पुढं गेल्या. पिशवीत तांदूळ होते. शिजवायला गॅस नव्हता, भांडं नव्हतं, बसायला कोरडी जागा नव्हती. त्यांची मनं चांगली होती, मी त्यांना दोष देत नाही. पण दुपारी कोडोलीकडची सहा पोरं आली. पायात गमबूट, खांद्यावर फावडी, घमेली, खराटे, आणि स्वतःची भाकरी स्वतः बांधून आणलेली. त्यांच्यातला एक म्हणाला, "सिस्टर, काय टाकायचं आणि काय ठेवायचं ते तुम्हीच सांगा, आम्ही विचारल्याशिवाय कशालाही हात लावणार नाही." ते वाक्य तुझ्या पोरांना पाठ करायला लाव. घर बुडालेल्या माणसाच्या हातात तेवढाच एक अधिकार उरलेला असतो.

आता गाळाचं गणित नीट समजून घे, कारण ह्यात दिवस चुकला की आठवडा वाया जातो. पाणी उतरत उतरत घोट्याएवढं राहतं, त्याच वेळी त्याच पाण्यात खराट्यानं गाळ ढवळून दाराबाहेर लोटायचा आणि भिंतीही त्याच पाण्यानं धुवून घ्यायच्या. पाणी पूर्ण गेलं आणि दोन उन्हं लागली की हाच गाळ सिमेंटसारखा धरतो. मग तो काढायला नळाचं पाणी लागतं, आणि नळाला पाणी नसतं, कारण शहराला पाणी देणारे बालिंगा, शिंगणापूरचे पंपच पुराखाली असतात. सगळीकडं पाणी आणि घर धुवायला पाणी नाही, अशी दशा. म्हणून तुमच्या ४० हजारांतले पहिले पैसे फावडी, घमेली, वायपर, खराटे, गमबूट आणि रबरी हातमोज्यांना घाला. ते आत्ताच, जूनच्या आधी घ्या. पुराच्या दिवसांत गमबूट मिळत नाहीत. मंडळीत कुणाचं गाड्या धुण्याचं सर्व्हिसिंग सेंटर असेल तर त्यांचा प्रेशर पंप मागून ठेवा, एका पंपानं दिवसात पाच-सहा घरं होतात.

तुमची बोअर ही तर मोठी देणगी आहे. आमच्या चर्चनं २०१९ ला बोअरची पाइप कंपाउंडच्या बाहेर काढून रस्त्याच्या बाजूला दोन नळ बसवले. आत यायला नको, विचारायला नको, घागर लावा आणि घेऊन जा. बाई-माणसं संकोचतात, विशेषतः जी कधी चर्चच्या फाटकातून आत आलेली नाहीत ती. ते नळ बाहेर होते म्हणून रात्री अकरापर्यंत रांग होती. फक्त लाइट नसते, तेव्हा जनरेटरची सोय बघा, आणि पाणी उकळूनच प्या हे प्रत्येकाला सांगा.

नर्स म्हणून काही गोष्टी. घरात शिरायच्या आधी प्रत्येक पोराचं धनुर्वाताचं इंजेक्शन झालेलं असावं. पायाला जखम असलेल्याला गाळात उतरवू नका, गमबूट असले तरी. उंदरांच्या मुतानं पसरणारा लेप्टो ह्याच पाण्यातून येतो. काम केल्यावर पंधरा दिवसांत ताप आला, पिंढऱ्या दुखल्या, डोळे लाल झाले, तर अंगावर काढू नका, आणि डॉक्टरला पुरात काम केल्याचं आपणहून सांगा. प्रतिबंधक गोळी असते, ती डॉक्टरांना विचारूनच. मेन स्विचला कुणीही हात लावायचा नाही, महावितरणच्या माणसानं किंवा ओळखीच्या वायरमननं बघितल्याशिवाय बटण दाबायचं नाही. खेड्यात गेलात तर मातीच्या भिंतींपासून लांब राहा. पाण्यात उभी राहिलेली भिंत पाणी उतरल्यावर, वाळताना पडते. सापाचं बघा, फळीवर, कपाटामागं असतात.

आणि एक गोष्ट जी कुणाच्या ध्यानात येत नाही. पुरात गोळ्यांची डबी वाहून जाते. बीपीची, शुगरची, थायरॉइडची, फिटची. म्हातारी माणसं सांगत नाहीत, त्यांना वाटतं लोकांचं घर गेलंय आणि मी गोळी कुठं मागू. २०१९ ला मी पहिल्या दोन दिवसांत एक वही घेऊन फक्त हेच विचारत फिरले. एका आजोबांची फिटची गोळी चार दिवस चुकली होती, त्यांना दवाखान्यात न्यावं लागलं. इन्सुलिनवाल्यांचं आणखी अवघड, फ्रीज नाही, लाइट नाही. मातीच्या माठात थोडं पाणी, त्यात कोरड्या डब्यात बाटली, आणि माठ सावलीला, एवढं केलं तरी चालतं. तुमच्या मंडळीत कुणी नर्स, फार्मासिस्ट, डॉक्टर असतील तर त्यांना फावडं देऊ नका, ही वही द्या.

कागदांबद्दल लिहिल्याशिवाय मला राहवत नाही. आधार, रेशन कार्ड, सातबारा, मुलांचे दाखले, बँकेचं पासबुक, सगळं एका प्लास्टिकच्या पिशवीत असतं आणि पिशवीत पाणी शिरतंच. लोक ते घाईनं उन्हात टाकतात, मग ते पापडासारखे आकसतात, चिकटतात, फाटतात. आमच्या महिला संघानं चर्चमधले बाक एका ओळीत लावले, वर जुने पुढारी, सकाळ अंथरले, एकेक कागद सुटा करून त्यावर ठेवला, वरून दुसरा पेपर, हातानं हळूच दाबायचं, ओला पेपर काढून कोरडा घालायचा. सावलीत, पंख्याच्या वाऱ्यात. पंचनाम्याला तलाठी आला की हेच कागद लागतात. त्या वर्षी शासनानं शहरात १५ हजार आणि ग्रामीण भागात १० हजार सानुग्रह अनुदान जाहीर केलं होतं, त्यातले ५ हजार रोख आणि बाकीचे खात्यावर. खातं कुठलं हे सांगायला पासबुक नको का?

कागद झाल्यावर बायका फोटो घेऊन यायला लागल्या. लग्नाचे अल्बम, पानं एकमेकांना चिकटून वीट झालेली. ओढलं की चेहरा दुसऱ्या पानावर जातो. आमच्यातल्या एका बाईंचे वडील फोटोग्राफर होते. त्यांनी सांगितलं, सुकू देऊ नका, परातीत स्वच्छ पाणी घ्या, त्यात बुडवा आणि वाट बघा. पंधरा-वीस मिनिटांनी फोटो आपणहून सुटतो. मग पाण्यातच बोटानं गाळ ढकलायचा, पुसायचं नाही, आणि चिमट्याला लावून दोरीवर वाळत घालायचा. चर्चच्या हॉलमध्ये ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सुतळ्या बांधल्या होत्या. तीन दिवस तिथं लोकांची लग्नं, बारशी, गेलेली माणसं लटकत होती. माझ्या मिस्टरांचा लष्करी गणवेशातला एकच फोटो होता. कोपरा गेला, चेहरा राहिला. आता तो समोरच आहे.

पुढचं लिहिताना थोडा विचार केला, कारण ह्यावरून आमच्या मंडळीत दुखणं झालं होतं. २०२१ च्या २२ जुलैची रात्र. कोविडमुळं प्रार्थनास्थळं बंद होती, आमचा शाब्बाथ शाळेचा, म्हणजे मुलांच्या रविवारच्या धर्मशिक्षणाचा हॉल रिकामा. धो धो पाऊस. दहा वाजता शाहूपुरीतल्या कुंभार गल्लीतून एकाचा फोन आला. त्याच्या आईची मी शुश्रूषा केलेली, म्हणून ओळख. "सिस्टर, तुमचा हॉल रिकामाच हाय न्हवं? माझं गणपती आत ठेवू द्याल काय?" चतुर्थी दीड महिन्यावर होती. २०१९ ला त्याच्या सगळ्या मूर्ती कच्च्या असतानाच पाण्यात विरघळल्या होत्या आणि त्या वर्षीचं कर्ज अजून डोक्यावर होतं. मी पाळकसाहेबांना फोन लावला. ते अर्धा मिनिट गप्प राहिले आणि म्हणाले, "ती त्याच्या पोरांची भाकरी आहे. किल्ली घेऊन मी येतो." रात्री एकपर्यंत टेम्पोच्या फेऱ्या चालल्या. आमची पोरं आणि कुंभाराची पोरं हातोहात मूर्ती आत घेत होती, अंगावर प्लास्टिक घालून, एकेकीला लेकरासारखं धरून. दुसऱ्या दिवशी त्याच्या कारखान्यात छातीएवढं पाणी होतं.

एका ज्येष्ठ पंचांना हे अजिबात मान्य नव्हतं. त्यांनी तसं सरळ सांगितलं. चर्च उघडल्यावरही ते दोन महिने उपासनेला आले नाहीत. मला त्याचं फार वाईट वाटलं, अजून वाटतं, कारण त्यांची श्रद्धा खोटी नाही. पण पुन्हा तसा फोन आला तर मी पुन्हा किल्ली मागेन. तुमच्या बैठकीत हा प्रश्न आत्ताच काढा. हॉल कुणाला द्यायचा, कशाला द्यायचा, हे रात्री दहा वाजता पावसात उभं राहून ठरवायची वेळ येऊ नये.

त्याला जोडूनच सांगते. पिशवीत पत्रक घालू नका. देण्याआधी प्रार्थना म्हणायला लावू नका. कुणी स्वतःहून म्हणालं, "सिस्टर, माझ्यासाठी प्रार्थना करा," तर हात धरून जरूर करा, मीही केली आहे. पण उपाशी, चिखलानं माखलेल्या माणसाला नाही म्हणता येत नसतं, आणि ज्याला नाही म्हणता येत नाही त्याच्याकडून हो घेऊ नये. शाहू महाराजांनी प्रत्येक समाजाच्या पोरांसाठी बोर्डिंगं उभी केली ते हे गाव आहे. वाइल्डर मिशनरी १८५२ ला इथं आले, तेव्हापासून आपण इथलेच आहोत. शेजाऱ्यासारखं जा.

चांगल्या शोमरोन्याचा दाखला आपण सगळे पाळण्यापासून ऐकतो. जखमा बांधल्या, आपल्या जनावरावर बसवलं, उतारशाळेत नेलं, इथंच आपण थांबतो. पण तो दुसऱ्या दिवशी उतारशाळेच्या माणसाला पैसे देतो आणि परत येईन तेव्हा राहिलेलं देईन म्हणतो. मला तो परत येण्याचा भाग सगळ्यात मोठा वाटतो. गाड्या पहिल्या आठवड्यात येतात. तिसऱ्या आठवड्यात भिंती ओल्या असतात, लेकरं फरशीवर झोपून खोकत असतात, धंदा बंद असतो आणि रस्त्यावर एक गाडी नसते. तेव्हा तुम्ही जा. अख्खा तालुका धरू नका. एक गल्ली धरा, तीस घरं, आणि दिवाळीपर्यंत सोडू नका.

पंचगंगाकाठ, शिरोळ

सिस्टरांनी लिहिलंय त्यातलं अक्षर न् अक्षर खरं आहे. मी शेतकरी, आमच्या गावाला २०१९ ला चारी बाजूंनी पाणी होतं. ख्रिस्ती नाही, पण प्रश्न विचारणाऱ्या भावाला दोन गोष्टी सांगाव्या वाटल्या.

जनावरांचं कुणी बघत नाही. माणसं छावणीत गेली, म्हशी बांधावर. आम्हाला बिस्किटं मिळाली, पण म्हशीला काय? वैरण सगळी कुजलेली. तिसऱ्या दिवशी एका देवस्थानाकडून उसाच्या वाड्याची, म्हणजे शेंड्याकडच्या हिरव्या पाल्याची एक ट्रॉली आली तेव्हा माझा बाप रडला. एक ट्रॉली वैरण आणि चार पोती पेंड ही आमच्याकडं दहा पोती तांदळाइतकी मोठी मदत आहे.

दुसरं, पंचनामा. ऊस उभा दिसतो म्हणून लोकांना वाटतं वाचला. शेंड्याच्या पानांच्या सुरळीमध्ये गाळाचं पाणी गेलं की तो आतून कुजतो, पंधरा दिवसांनी कळतं, तोवर तलाठी आणि कृषी सहायक येऊन गेलेले असतात. तुमच्यातल्या शिकलेल्या पोरांनी फक्त एवढं करावं, गावात बसून लोकांचे अर्ज भरून द्यावेत, मोबाइलवर घराचे आणि शेताचे तारीखवार फोटो काढून द्यावेत, झेरॉक्स काढून द्याव्यात. म्हातारी माणसं तालुक्याला चार-चार हेलपाटे घालतात आणि एका कागदासाठी परत येतात. माझ्या चुलत्याचा अर्ज खातेनंबरातल्या एका आकड्यामुळं सात महिने अडकला.

आणि भाऊ, तो कपड्यांचा ढीग मनातून काढून टाक. वाईट हेतूनं कुणी आणलं नव्हतं.

राजारामपुरीचा

सिस्टर, तुमचं वाचून मी आईला वाचून दाखवलं. ती बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली सुतळी आणि चिमटे आपल्या घरून जातील. दादा, तुमचेही खूप आभार.

तीन शंका आहेत. कपडे अजिबातच घ्यायचे नाहीत का? मंडळीत पुष्कळ लोक तेच आणून देतात, नाही म्हटलं की दुखावतात. दुसरं, आमच्यातल्या एकांचा मुलगा दुबईत आणि एकांची लेक अमेरिकेत आहे, ते पैसे पाठवायला तयार आहेत. ते चर्चच्या खात्यात घ्यावेत का? आणि तिसरं, हॉलमध्ये माणसं राहायला ठेवायची का? दोनच संडास आहेत.

निवृत्त सिस्टर

कपड्यांचं असं कर. रविवारी जाहीर करा की जुने कपडे घेणार नाही, पण नव्या वस्तूंची यादी फळ्यावर आहे. परकर, गाऊन, बायकांचे आणि लेकरांचे आतले कपडे, टॉवेल, सॅनिटरी पॅड, चादरी, चटया. ज्या बाईचं सगळं गेलंय तिला साडी कुणीही देतं, परकर कुणी देत नाही. आणि ती तो पुरुषांच्या रांगेत मागू शकत नाही, म्हणून हे वाटप महिला संघानंच करायचं, वेगळ्या खोलीत. दुखावणाऱ्या लोकांना कामाला लावा. आमच्याकडं एक काका होते, खूप रागावले. त्यांचा शिलाई मशीन दुरुस्तीचा हात होता. त्यांना चर्चच्या व्हरांड्यात टेबल मांडून दिलं. पुरात बुडालेली मशीन चार दिवसांत गंजून जाम होते, पण लगेच उघडून रॉकेलनं धुवून तेल दिलं की पुन्हा चालते. मोटर गेली असली तरी पायावर चालते. त्या व्हरांड्यात एकतीस मशिनी उभ्या राहिल्या. ज्यांच्या होत्या त्या बायकांनी दसऱ्याआधी ब्लाऊज शिवून घर चालवलं. तुझ्या मंडळीत सुतार असेल, वायरमन असेल, मिक्सर-गॅस शेगडी दुरुस्त करणारा असेल. सत्तर कुटुंबांच्या कामधंद्याची यादी काढ.

परदेशातल्या पैशांबाबत सावध राहा. परदेशी नागरिकाकडून किंवा संस्थेकडून देणगी घ्यायला एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची नोंदणी लागते, ती नसेल तर असा पैसा खात्यात घेऊ नका. भारतीय पासपोर्ट असलेल्या मुलानं स्वतःच्या इथल्या खात्यातून पाठवले तर गोष्ट वेगळी. तरी तुमच्या ट्रस्टचा हिशेब बघणाऱ्या सीएला विचारून लेखी घ्या. पुराच्या पैशाची वही वेगळी, पावती पुस्तक वेगळं, तीन सह्या, आणि दर रविवारी जमा-खर्च फळ्यावर. एका बाईनं दहा रुपये दिले असतील तर तेही फळ्यावर. २०२१ ला तुम्हाला तुमच्या पैशांचं काय झालं कळलं नाही म्हणालास ना, ते दुसऱ्या कुणाला वाटू नये.

हॉलचं. दोन संडासांवर तीसच्या वर माणसं ठेवू नका. त्यापेक्षा हॉल कागदांसाठी, सामानासाठी आणि दुपारी लेकरांसाठी ठेवा. शाळा बंद असतात, आईबाप गाळ काढत असतात आणि पोरं त्याच पाण्यात खेळत असतात. शाब्बाथ शाळेच्या शिक्षिकांनी त्यांना सकाळी दहा ते पाच सांभाळलं, दोनदा जेवू घातलं, तर आईला एक पूर्ण दिवस मिळतो. नववी-दहावीच्या पोरांची पुस्तकं आणि वह्या आठवणीनं बघा, वर्ष त्यांचं जातं. राहायची सोय करायचीच झाली तर आधी महापालिकेच्या विभागीय कार्यालयाला कळवा, म्हणजे पाणी, फवारणी, डॉक्टर त्यांच्याकडून येतात. जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाचा नंबर १०७७, तो चर्चच्या दारावर मोठ्या अक्षरात लावून ठेवा.

शिरोळच्या दादांनी वैरणीचं लिहिलं ते मला सुचलं नव्हतं. शहरातल्या माणसाला सुचत नाही. तुमच्या मंडळीत कुणाची शेती उंचावर असेल तर एक ट्रॉली वाडं आत्ताच बोलून ठेवा.

राजारामपुरीचा

सिस्टर, एक धाडस करून विचारतो. रविवारी बैठकीला तुम्ही याल का? मी वाचून दाखवण्यापेक्षा तुम्ही बोललात तर पंच ऐकतील. गणपतीच्या मूर्तींचा प्रश्न मी एकट्यानं काढला तर पोरखेळ वाटेल.

निवृत्त सिस्टर

येते. उपासना किती वाजता सुटते ते कळव. शिलाई मशीनवाल्या काकांनाही घेऊन येते, ते आता ७४ वर्षांचे आहेत, त्यांना बसायला व्हरांड्यात सावलीची खुर्ची ठेव. आणि त्या पंधरा-वीस पोरांच्या पायांची मापं लिहून आण, परवा मी लक्ष्मीपुरीत जाणार आहे, गमबुटांचा भाव काढून ठेवते.